न्या. जे. एस. वर्मा: त्यांच्या निकालांतलं सांगली-साताऱ्यापर्यंत काय पोचलं?

हरिपूरची

नमस्कार मंडळी. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मांवर इथं एक नीट धागा असावा असं बरेच दिवस वाटतंय म्हणून काढतेय. नाव घेतलं की बहुतेकांना दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतरची वर्मा समिती आठवते, फार तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल. पण माणूस १९७२ पासून न्यायाधीश. आधी मध्य प्रदेश हायकोर्ट, १९८६ ला तिथलेच मुख्य न्यायाधीश, मग राजस्थानचे, १९८९ ला सुप्रीम कोर्टात, मार्च १९९७ ते जानेवारी १९९८ सरन्यायाधीश, नोव्हेंबर १९९९ ते जानेवारी २००३ राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष. जन्म सतन्याचा, १८ जानेवारी १९३३ चा, म्हणजे समितीचा अहवाल दिला तेव्हा वयाची ऐंशी वर्षं नुकतीच पूर्ण झालेली.

त्यांचे निकाल वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. चूक कोणाची एवढं सांगून ते थांबत नाहीत, उद्यापासून कोणी काय करायचं हे पण लिहून ठेवतात. विशाखाचंच घ्या. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करायची, बालविवाह अडवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि खालच्या कोर्टात १९९५ ला आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. मग महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, की बाई कामावर असताना हे झालं तर तिचं संरक्षण करायची जबाबदारी कोणाची? कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ ला वर्मा, सुजाता मनोहर आणि कृपाल यांच्या पीठाने सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत या मार्गदर्शक सूचना हाच कायदा. प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती, प्रमुख बाई, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, बाहेरची एक व्यक्ती हवीच. यातल्या सुजाता मनोहर आपल्या मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश होत्या, हे पण आपल्याकडे कमी लोकांना माहितीय.

मी सांगलीत एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, तिथल्या अंतर्गत समितीवर सदस्य आहे. भिंतीवर समितीचा बोर्ड आहे, त्यावरची दोन नावं नोकरी सोडून गेलेल्यांची आहेत आणि बाहेरच्या सदस्याच्या रकान्यात नुसता फोन नंबर आहे, तो लागत नाही. मी लेखी दिलंय, पाठपुरावा चालू आहे. पण एवढा मोठा निकाल एका बोर्डावर येऊन अडकतो हे बघून जीव तुटतो. तुमच्याकडं काय परिस्थिती आहे आणि वर्मांच्या एकूण कारकिर्दीबद्दल काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

जुना_राजवाडा

ताई, चांगला धागा. मी साताऱ्यात वकिली करतो, आता काम कमी केलंय. वर्मांबद्दल बोलायचं तर आणीबाणीपासून सुरुवात करायला पाहिजे, तो भाग नवीन मुलांना अजिबात माहीत नसतो.

१९७५ ला मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, माणसं आत गेली, आपल्या भागातलेही बरेच येरवड्याला होते. घरच्यांचा प्रश्न साधा, का धरलंय ते तरी सांगा. सरकारचं म्हणणं असं की कलम २१ चा, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा, हक्कच स्थगित आहे, त्यामुळे हेबियस कॉर्पसचा, म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा असा, अर्ज कोर्टाने ऐकूच नये. नऊ हायकोर्टांनी ते मानलं नाही, त्यात मध्य प्रदेश हायकोर्ट होतं. वर्मा तेव्हा तिथं तसे नवेच, पन्नाशीच्या पण आतले, आणि स्थानबद्धांच्या बाजूने निकाल देणाऱ्यांत ते होते. सरकार त्याच निकालांवर सुप्रीम कोर्टात गेलं, खटल्याचं नाव एडीएम जबलपूर. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं. एकटे एच. आर. खन्ना विरोधात राहिले आणि पुढे ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं.

तेव्हाचं वातावरण मी पाहिलंय, मी सनद घेऊन नवीन होतो. हायकोर्टाच्या जजची बदली हा तेव्हा सरकारच्या हातातला दांडका होता. अशा वेळी छोट्या निकालालासुद्धा छाती लागते. सुप्रीम कोर्टाचा तो निकाल चुकीचा होता हे कोर्टाने स्वतः स्पष्ट शब्दांत म्हणायला २०१७ उजाडावं लागलं, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात.

जाता जाता, या विषयात आपल्या मुलखाचं देणं पण लक्षात ठेवा. न्या. तारकुंडे सासवडचे, मुंबई हायकोर्टातून १९६९ ला बाहेर पडले आणि जयप्रकाशजींबरोबर सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी, मग १९७६ ला पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना काढली. आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकर तर साताऱ्यात जन्मलेले, इथल्याच शाळेत शिकलेले.

मिरज_जंक्शन

काका, एडीएम जबलपूर आम्हाला एलएलबीला होतं पण हायकोर्टात कोण कोण होतं हे कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद. मी सध्या जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी करतोय.

माझ्यासाठी वर्मांचा सगळ्यात मोठा निकाल नीलाबती बेहेरा, १९९३. परीक्षेसाठी चार ओळी पाठ केल्या होत्या, मग एकदा पूर्ण निकाल काढून वाचला आणि रात्रभर झोप नाही. ओडिशातला बावीस वर्षांचा पोरगा सुमन बेहेरा, १ डिसेंबर १९८७ ला चोरीच्या संशयावरून जेराईकेला चौकीत आणला. दुसऱ्या दिवशी मृतदेह रेल्वे रुळावर. पोलिसांची कहाणी काय, तर दोरीने बांधला होता, पहाटे तीनच्या सुमारास त्याने ती दोरी दातानं कुरतडली आणि पळाला, मग रेल्वेखाली आला. आई नीलाबतीने सुप्रीम कोर्टाला एक पत्र पाठवलं, वकील नाही, स्टॅम्प नाही, आणि कोर्टाने त्या पत्रालाच रिट अर्ज, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट वरच्या कोर्टात करायचा अर्ज, मानलं.

वर्मांनी निकालात ती कहाणी एकेक धागा काढत सोडवलीय. रेल्वेखाली आला तर माणूस गाडीखाली गेल्याचं रेल्वेच्या कोणी का कळवलं नाही, पळाला तर पोलिसांनी रात्री शोधल्याचा पुरावा कुठाय, आणि डॉक्टर म्हणतात जखमा लाठीने होऊ शकतात. शेवटी दीड लाख भरपाई आईला आणि दहा हजार खर्च. रक्कम आज छोटी वाटते, पण मुद्दा असा की मूलभूत हक्क मोडला तर सरकारने पैसे द्यायचे, आणि आमचं सार्वभौम काम होतं म्हणून अंग काढून घेता येणार नाही. दिवाणी दावा लावून वीस वर्षं थांबायची गरज नाही, रिटमध्येच भरपाई.

आता आपल्या सांगलीचं २०१७ चं कोठडीतलं प्रकरण आठवा. आधी काय सांगितलं गेलं? आरोपी पळाला. नंतर कळलं की कोठडीतच मारहाणीत गेला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला. ३० वर्षांनी तेच वाक्य, पळाला. मी तेव्हा अकरावीत होतो, शहर बंद होतं, आमच्या गल्लीत सगळे गप्प. नीलाबती वाचताना मला सारखं ते आठवत होतं.

वाईकर

सगळं मान्य, पण एकच बाजू लिहिली जातेय. वर्मांचा ११ डिसेंबर १९९५ चा हिंदुत्वाचा निकाल पण याच कारकिर्दीत आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. मनोहर जोशींच्या भाषणात महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल असं होतं, हायकोर्टाने निवडणूक रद्द केलेली, सुप्रीम कोर्टाने ती नुसती आशा आहे म्हणून जोशींना सोडलं. हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती हे वाक्य त्याच दिवशीच्या निकालात आलं आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत ते वाक्य कोर्टाचं प्रमाणपत्र म्हणून फिरवलं गेलं. मानवाधिकारांचा मोठा माणूस म्हणताना हे झाकून चालणार नाही.

जुना_राजवाडा

वाईकर, मुद्दा रास्त आहे, झाकायचं काहीच कारण नाही. पण पूर्ण मांडू. त्याच दिवशी पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचा निकाल पण आला, रमेश प्रभू विरुद्ध प्रभाकर कुंटे. तिथं प्रभूंची निवडणूक रद्दच राहिली, कारण भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली हे सिद्ध झालं, ती भाषणं बाळासाहेब ठाकऱ्यांची होती. म्हणजे एका हाताने कायदा लावला आणि दुसऱ्या हाताने असं एक वाक्य लिहिलं जे कायद्यापेक्षा जास्त लांब गेलं. माझं वकील म्हणून मत असं की ते वाक्य त्या प्रकरणांचा निर्णय द्यायला लागतच नव्हतं. ते नसतं तरी दोन्ही निकाल तेच लागले असते.

कराडचा_मास्तर

१९९३ चं कॉलेजियम पण वर्मांचंच ना? न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे, तो बहुमताचा निकाल त्यांनी लिहिलेला. आज त्या पद्धतीवर सगळे बोलतात, बंद खोलीत निवड होते म्हणून.

मिरज_जंक्शन

हो सर, ६ ऑक्टोबर १९९३, नऊ जणांचं पीठ. पण हेही आहे की वर्मांनी स्वतः नंतर, २००८ च्या एका मुलाखतीत, सांगितलं की त्या निकालाचा चुकीचा अर्थ लावला गेला, गैरवापर झाला आणि फेरविचार हवा. आपणच लिहिलेल्या निकालाबद्दल निवृत्त सरन्यायाधीशाने एवढं उघड बोलणं मला मोठं वाटतं. शिवाय सरन्यायाधीश असताना ७ मे १९९७ ला त्यांनी सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांकडून दोन ठराव करून घेतले, एक न्यायाधीशाने कसं वागावं याचा आणि एक मालमत्ता जाहीर करण्याचा, म्हणजे सरन्यायाधीशांकडे तपशील द्यायचा. सत्ता आपल्या हातात आली की आधी आपल्याच घराला नियम लावले.

हरिपूरची

वाईकरदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. मला वाटतं १९९५ चा निकाल आणि २००२ चं गुजरात एकमेकांशेजारी ठेवून बघावं. आयोगाचे अध्यक्ष असताना वर्मांनी १ मार्च २००२ ला, म्हणजे दंगल चालू असतानाच, स्वतःहून दखल घेतली आणि १९ ते २२ मार्चला स्वतः तिथं गेले, छावण्यांत फिरले. अहवालात राज्य सरकारवर ठपका ठेवला. गोध्रा, गुलबर्ग सोसायटी, नरोडा पाटिया, बेस्ट बेकरी, सरदारपुरा, या पाच प्रकरणांचा तपास सीबीआयकडे द्या अशी शिफारस केली. गोध्राचा डबा पण त्या यादीत आहे हे लक्षात घ्या, एका बाजूचं दुःख मोजून दुसऱ्या बाजूचं सोडलं नाही. राज्य सरकारने ती शिफारस मानली नाही, आणि इथंच आयोगाची मर्यादा दिसते, आयोग फक्त शिफारस करतो. पण २००३ मध्ये बेस्ट बेकरीचे आरोपी सुटल्यावर आयोगच सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा वर्मा निवृत्त झाले होते आणि न्या. आनंद अध्यक्ष होते, पण पाया आधीच्या अहवालाने घातलेला. तो खटला पुढे महाराष्ट्रात चालला.

वाईकर

ताई, गुजरातचं मान्य, तिथं ते ठाम उभे राहिले. माझा आक्षेप तरी कायम आहे, कारण अहवाल कपाटात गेला आणि ते वाक्य बाजारात राहिलं. पण तुम्ही म्हणता तसं दोन्ही शेजारी ठेवून बघायला मी तयार आहे.

द्राक्षबाग

वाचतेय सगळं. मी तासगाव भागातली. तुम्ही सगळे कंपनीचं, कोर्टाचं बोलताय, माझा प्रश्न येगळा हाय. आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर निवडणीला बाया असतात, पाट्यावर बसून दिवसभर काड्या न् खराब मणी येचायचे. हजेरी मुकादमाच्या वहीत, ती पण पेन्सिलनं. कुठं आठ बाया कुठं पंधरा, आज हाय उद्या नाय. मुकादमानं अंगचटीला येऊन बोललं तर बाई दुसऱ्या दिवशी यायची बंद होती, एवढाच न्याय. एकीनं मालकाला सांगितलं तर म्हणला आमच्याकडं कोण पर्मनंट नाय, समिती बिमिती कारखान्याला असती. तुमचं हे विशाखा आमच्या बायांना लागू हाय का नाय ते स्पष्ट सांगा.

हरिपूरची

लागू आहे ताई, शंभर टक्के. मालक बोलला ते चूक आहे. विशाखाच्या सूचनांवरून पुढे २०१३ चा कायदा झाला, त्यात रोजंदारीवरची, कंत्राटी, हंगामी, तोंडी बोलीवर लावलेली बाई, सगळ्या येतात. हजेरी पेन्सिलनं असो की नसोच. दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर मालकाने स्वतःची अंतर्गत समिती करायची, नाही केली तर पन्नास हजारापर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, अडचण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, तिनं माणूस शोधत फिरायचं नाही. आणि प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. तासगावातून सांगलीला फेऱ्या मारायची वेळ येऊ नये म्हणून ती सोय आहे.

आणि एक. पुरावा देता आला नाही म्हणून बाईवरच कारवाई होत नाही, कायद्यात तसं लिहिलंय. मुद्दाम खोटी तक्रार केली तर शिक्षेचं कलम आहे, पण त्याला वर्मा समितीनेच कडक विरोध केला होता, की या कलमाच्या भीतीनं बायका पुढंच येणार नाहीत. सरकारने ते ऐकलं नाही, कलम ठेवलं. समितीचा तर कंपनीतल्या अंतर्गत समितीवरच विश्वास नव्हता, नोकरी देणाऱ्याच्या छताखाली नोकरी करणारे कसला न्याय देणार, त्यापेक्षा स्वतंत्र न्यायाधिकरण करा असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः समितीवर बसते आणि मला ते म्हणणं पटतं.

एक गोष्ट सांगू का, या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २२ एप्रिल २०१३ ला. वर्मा गेले तो दिवस पण तोच. विशाखा ते कायदा, १६ वर्षं लागली.

कराडचा_मास्तर

भंवरीदेवीचं वाचून एक सांगावंसं वाटलं. आपल्याकडे बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, मदतीला अंगणवाडी सेविका. ऊसतोडीला जाणारी घरं पोरीला कोपीवर कुठं ठेवायचं या काळजीनं लवकर उजवून टाकतात, माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीनंतर एकदम दिसेनाशा होतात. फोन करायचा कोणी? सेविका त्याच गावची, त्याच भावकीतली, तिनं वर कळवलं की दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात माणसं उभी. भटेरीत जे झालं त्याची मुळं इथं पण आहेत. म्हणून मला विशाखा म्हणजे फक्त ऑफिसातला विषय वाटत नाही. तो सरकारचं काम करणाऱ्या गावातल्या बाईचा विषय होता, आणि ती बाजू मागं पडली, एसी केबिनातली ट्रेनिंगं पुढं आली.

मिरज_जंक्शन

सर अगदी बरोबर. आणि भंवरीदेवींना स्वतःला त्या निकालाने काही मिळालं नाही हे पण लिहायला हवं, त्यांचा फौजदारी खटला वेगळा होता आणि तो रेंगाळतच राहिला. लाखो बायकांना त्यांच्यामुळे कायदा मिळाला.

संगम_घाट

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. वर्मा समितीचा सांगलीशी थेट संबंध आहे आणि तो कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

समिती २३ डिसेंबर २०१२ ला नेमली, वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम. मुदत एक महिना. ८० हजारांवर सूचना आल्या, ६३० पानांचा अहवाल २३ जानेवारीला हातात दिला. त्यात माणसांच्या व्यापाराविरुद्ध, म्हणजे भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३७० बदलायची शिफारस होती. लगेच ३ फेब्रुवारीला अध्यादेश निघाला, त्यात शोषणाच्या व्याख्येत वेश्याव्यवसाय हा शब्द सरसकट आला. म्हणजे स्वतःच्या मर्जीनं हे काम करणारी सज्ञान बाई पण पीडित ठरणार आणि तिच्याभोवतीचे सगळे गुन्हेगार, छापे, सुधारगृह, पोरं वेगळी. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद ९० च्या दशकापासून काम करतेय, संग्राम संस्थेच्या जोडीनं, त्यांच्यासाठी हा पोटावरचा घाव होता. देशभरातल्या या बायकांच्या संघटनांनी समितीकडे धाव घेतली आणि समितीने खुलासा दिला, की आमचा रोख बायका-मुलांच्या तस्करीवर होता, स्वतःच्या इच्छेनं हे काम करणाऱ्या बायकांना यात ओढायचा हेतू नव्हता. पुढे संसदेत कायदा झाला तेव्हा त्या व्याख्येतून तो शब्द गेला.

मला हे फार मोलाचं वाटतं. समितीचं काम संपलं होतं, अहवाल दिला होता, ऐंशीचा माणूस. नाही उत्तर दिलं तरी कोणी विचारणार नव्हतं, त्यात विचारणाऱ्या बायका अशा की ज्यांना आपल्या शहरात आजही कोणी शेजारी बसवून घेत नाही. तरी उत्तर दिलं आणि लेखी दिलं.

हरिपूरची

संगम_घाट, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. सांगलीत जन्म गेला आणि हे आपल्या इतक्या जवळचं.

वाईकर

समितीच्या शिफारशींतलं सरकारने काय घेतलं आणि काय टाकलं ते कोणी नीट लिहील का? लोक म्हणतात फाशी वर्मा समितीने आणली.

मिरज_जंक्शन

उलट आहे दादा. समिती फाशीच्या विरोधात होती, जन्मठेप म्हणजे उरलेलं पूर्ण आयुष्य असं करा म्हणाली. फाशी सरकारने अध्यादेशात घातली, रस्त्यावरचा राग बघून. अल्पवयीन आरोपीचं वय १८ वरून खाली आणू नका हे पण समितीचं म्हणणं, २०१५ ला जघन्य गुन्ह्यांसाठी १६ ते १८ वाल्यांना मोठ्यांसारखं चालवायची वाट काढलीच. नवऱ्याने केलेला बलात्कार हा गुन्हा माना, हे सरकारने घेतलं नाही, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या, कलम ६३ मध्ये ती सूट तशीच आहे. लष्कराच्या विशेष अधिकार कायद्याखाली जवानांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराला संरक्षण नको, ते पण बाजूला.

घेतलं ते काय? पाठलाग, चोरून बघणं, फोटो काढणं, ॲसिड हल्ला, हे वेगळे गुन्हे झाले. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं, अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घ्यायला पोलिसाने नकार दिला तर पोलिसालाच शिक्षा, कमीत कमी सहा महिने. पूर्वी आयपीसी १६६अ, आता न्याय संहितेत १९९. ठाण्यात गेल्यावर उद्या या म्हणाले तर हे कलम तोंडावर म्हणून दाखवायचं. हॉस्पिटलने, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार द्यायचेच. आणि बलात्कार झालेल्या बाईची ती दोन बोटांची घाणेरडी चाचणी, तिच्यावर समितीने सडकून लिहिलं, सुप्रीम कोर्टाने पण नंतर ती चुकीची ठरवली.

जुना_राजवाडा

मिरजचे, छान लिहिलंत, तुमचा पेपर चांगला जाणार. एक भर घालतो, पुढाऱ्यांना काळा पैसा पोचवल्याच्या हवाला प्रकरणाची, विनीत नारायण, १८ डिसेंबर १९९७. लोक त्यातलं "तू कितीही मोठा असलास तरी कायदा तुझ्या वर आहे" एवढंच लक्षात ठेवतात. त्या खटल्यात एकाही पुढाऱ्याला शेवटी शिक्षा झाली नाही, ते खरं. पण वर्मांनी तिथं काय केलं, आदेश देऊन फाईल बंद केली नाही. खटला चालूच ठेवायचा, तपास यंत्रणेला दर तारखेला समोर बोलवायचं, काय केलंस सांग. इंग्रजीत त्याला कंटिन्युइंग मँडॅमस म्हणतात. त्यातूनच सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत आली आणि दक्षता आयोगाला वजन आलं. तहसीलला अर्ज देऊन घरी बसलं की सात-बारा दुरुस्त होत नाही, दर सोमवारी जाऊन उभं राहावं लागतं, तसंच हे. विशाखाच्या समित्यांचं घोडं इथंच अडलंय. दर सोमवारी उभं राहणारं कोणी नाही.

सुप्रीम कोर्टाने स्वतः मे २०२३ मध्ये गोव्याच्या प्रकरणात या समित्यांबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली आणि ३ डिसेंबर २०२४ ला सगळ्या राज्यांना जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या, तालुक्याचे नोडल अधिकारी नेमा म्हणून मुदती घालून दिल्या. तेव्हा वरचा आदेश ताजा आहे, त्याच्या जोरावर खाली विचारायला हरकत नाही.

द्राक्षबाग

वकीलसाहेब मग इचारायचं कुठं न् कसं ते सांगा. सगळं वाचून डोकं तापलंय पण कागद काय द्यायचा ते कळंना.

जुना_राजवाडा

सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज, साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या नावे. मागायचं ते असं: जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर आज कोण कोण आहे, त्यांची मुदत कधी संपते, समितीचा पत्ता आणि फोन, प्रत्येक तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव, गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती आस्थापनांनी वार्षिक अहवाल दिले आणि समिती न केल्याबद्दल किती जणांवर कारवाई झाली. तक्रारदार बायकांची नावं मागायची नाहीत, कायद्याने ती गुप्त आहेत. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर त्यांनीच कलम ६(३) खाली पाच दिवसांत तिकडं पाठवायचा, तुम्हाला परत पाठवता येत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि समिती अस्तित्वातच नाही असं उत्तर आलं तर हायकोर्टात रिट. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, वकिलाची फी सोडा, जाण्यायेण्यातच गरिबाचा आठवडा मोडायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत. साताऱ्याचा अर्ज मी टाकतो.

कोठडीतल्या मारहाणीचं असेल तर मानवाधिकार आयोगाकडे मराठीतसुद्धा तक्रार चालते, फी नाही, पण घटनेपासून वर्षाच्या आत. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत आयोगाला कळवणं हे प्रशासनावरच आहे, १९९३ पासून.

द्राक्षबाग

हे बरं झालं. दोघी जणी तयार हायत माझ्या ओळखीच्या, त्यातल्या एकीला तीन महिने व्हायला अजून येळ हाय. तक्रार मी स्वतः बसून लिहून घेते, नोडल अधिकारी कोण ते तहसीलला जाऊन इचारते. हरिपूरच्या ताई, लिहिलं की तुम्हाला आधी दाखवू का?

हरिपूरची

दाखवा ना, नक्की. फक्त इथं धाग्यावर टाकू नका, त्यांचं नाव, शेडचं नाव काहीच नको, मला व्यनि करा. तारीख, वेळ, शेडवर तेव्हा कोण कोण होतं आणि नेमके शब्द काय होते, एवढं त्यांच्याच तोंडचं जसंच्या तसं लिहून घ्या, सुधारायला जाऊ नका. सांगली जिल्ह्याचा माहिती अधिकाराचा अर्ज मी उद्या देते. काकांचं साताऱ्याचं आणि माझं, दोन्ही उत्तरं आली की याच धाग्यावर टाकू.